पहिली तबकडी

५ ऑगस्ट १९७० रोजी टोकियोत एका नव्या बँडची पहिली तबकडी निघाली. वेष्टनावर बँडमधल्या चौघांचा फोटो नाही, गिटार नाही, त्या काळच्या फॅशनचे रंगांचे भोवरेही नाहीत. रस्त्याकडेचं एक साधं चित्र आणि त्यात दुकानाची पाटी : ‘युदेमेन’, म्हणजे उकडलेल्या नूडल्स. चित्र सेइइची हायाशी यांचं. ‘गारो’ या मासिकातल्या त्यांच्या चित्रकथा त्या पिढीनं जीव लावून वाचलेल्या. बँडचं नाव ‘हॅपी एंड’, तबकडीचं नावही तेच. पण जपानी रसिक तिला आजतागायत ‘युदेमेन’ म्हणूनच ओळखतात.

तिच्यातलं पहिलं गाणं आहे नववर्षाच्या सणाचं. जपानात नववर्ष म्हणजे आपली दिवाळीच. सगळं घर एकत्र जमायचं, गरम पांघरुणात पाय घालून बसायचं, सणाचं खायचं. गाण्यातला पोरगा मात्र घर सोडून शहरात आलेला, सणाच्या दिवशी खोलीत एकटा. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या आणि सुट्टी न मिळाल्यानं दिवाळीत गावी न गेलेल्या कुठल्याही मराठवाड्यातल्या पोराला हे गाणं समजावून सांगायची गरज नाही. मागं गिटार अमेरिकन वळणाची, जड, थोडी आळसावलेली. तोंडी शब्द मात्र अस्सल जपानी.

आज यात विशेष काही वाटणार नाही. १९७० मध्ये या एका गोष्टीवरून जपानच्या संगीतविश्वात भांडण जुंपलं होतं.

जालन्यात हे कुठून आलं?

जालना म्हटलं की लोखंडी सळया, बियाणं आणि मोसंबी. जुनी म्हण ‘जालना, सोने का पालना’ अशी, तीही व्यापाराचीच. १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा झालेला हा जिल्हा. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. भजन, कीर्तन, भारूड, जयंतीतली भीमगीतं, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, वरातीतला डीजे हे सगळं इथं आहे. जपानी रॉकला इथं जागा कुठून असणार?

ती मोबाइलनं करून दिली. संध्याकाळी क्लास सुटले की गांधी चमनच्या बाजूला मुलांचे घोळके रेंगाळतात. एकाच्या कानात डावा इअरफोन, दुसऱ्याच्या कानात उजवा. दोघंही एकाच ठेक्यावर गाडीच्या सीटवर बोटं आपटत असतात. जवळ जाऊन ऐकावं तर ‘हारुका कानाता’. ‘नारुतो’ या जपानी कार्टून मालिकेचं हे सुरुवातीचं गाणं. सुरुवातीलाच बेस गिटारची धावती लकेर, मग बाकीची वाद्यं तिच्या अंगावर कोसळतात आणि गाणं दीड-दोन तासांचा उशीर झाल्यासारखं पळत सुटतं. जपानी एक अक्षर येत नाही, पण आख्खं गाणं पाठ. ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ हिंदीतून बघत वाढलेली ही पिढी. जपानचं तिला परकेपण वाटत नाही.

या मुलांना बहुधा ठाऊक नसतं की ते गाणं एका बँडच्या मोठ्या कंपनीकडच्या पहिल्याच तबकडीतलं आहे. बँडचं नाव ‘एशियन कुंग-फू जनरेशन’. १९९६ मध्ये योकोहामाच्या कांतो गाकुइन विद्यापीठातल्या पोरांनी कॉलेजच्या संगीत मंडळात तो उभा केला. २००२ च्या नोव्हेंबरात ‘होकाइ अँप्लिफायर’ नावाची सहा गाण्यांची छोटी सीडी एका छोट्या कंपनीकडून काढली. पुढच्या एप्रिलमध्ये मोठ्या कंपनीनं तीच जशीच्या तशी पुन्हा बाजारात आणली आणि ‘नारुतो’नं तिला जगभर पोचवलं. जालन्यापर्यंतसुद्धा.

म्हणून या दिवाळी अंकासाठी जपानी रॉक बँडच्या आवडत्या पहिल्या तबकड्यांबद्दल लिहायचं ठरवलं. पहिलीच का? पहिल्या तबकडीत वाजवणं कच्चं असतं, ध्वनिमुद्रण स्वस्तातलं असतं. पण आपण कोण, कुठून बोलतोय आणि कुणाशी, हे बँडला तिथंच ठरवावं लागतं. जपानच्या मुलांनी ते कसं ठरवलं हे पाहिलं की आपल्याकडे काय राहून गेलं हेही दिसतं.

इंग्रजी की जपानी?

साठच्या दशकाच्या शेवटी जपानात रॉक म्हणजे इंग्रजी असा बऱ्याच गंभीर वादकांचा समज होता. ‘हॅपी एंड’मधले हारुओमी होसोनो आणि ताकाशी मात्सुमोतो हेसुद्धा आधी ‘एप्रिल फूल’ नावाच्या बँडमध्ये होते आणि तिथं बहुतेक गाणी इंग्रजीच होती. तो बँड मोडला. या दोघांना एइइची ओताकी आणि शिगेरू सुझुकी येऊन मिळाले आणि चौघांनी ठरवलं, गायचं ते जपानीतच.

समोरच्या बाजूला होते युया उचिदा. त्यांचं म्हणणं सरळ होतं : रॉक जगाला ऐकवायचा असेल तर तो इंग्रजीत हवा, आणि जपानी भाषा त्या ठेक्यावर नीट बसतही नाही. ‘न्यू म्युझिक मॅगझिन’ या मासिकात दोन्ही बाजूंची मंडळी चर्चेला बसली. त्या मासिकानं जपानी रॉकमधली उत्तम तबकडी म्हणून ‘युदेमेन’ला गौरवलं, त्यामुळं आगीत तेल पडलं.

उचिदांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्यांनी घडवलेल्या ‘फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड’ची पहिली तबकडी ‘एनिव्हेअर’ त्याच १९७० सालची. वेष्टनावर बँडमधली मंडळी मोकळ्या रस्त्यावर नागवी मोटारसायकली हाकताहेत. आत ‘ब्लॅक सबाथ’, ‘किंग क्रिमसन’ अशा परदेशी बँडची गाणी, इंग्रजीतच. गायक जो यामानाका यांचा आवाज असा चढतो की ऐकणाऱ्याचा घसा कोरडा पडावा. पण ती दुसऱ्यांची गाणी होती. पुढच्याच वर्षी याच बँडनं ‘साटोरी’ काढली. पाच भागांची ती तबकडी, शब्द अगदी मोजके, गिटार पूर्वेकडच्या वळणाची. आज जगभरचे दर्दी तिला मानतात. म्हणजे इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्यांचंही सोनं झालं ते उसनवारी सोडल्यावरच.

‘हॅपी एंड’चा मार्ग जास्त कष्टाचा होता. त्यांची गाणी लिहायचा तो ढोल वाजवणारा माणूस : मात्सुमोतो. ड्रम वाजवणाऱ्याच्या हाती शब्द आल्यामुळं असेल, पण या तबकडीत शब्द ठेक्याला शरण जात नाहीत. ओळ मध्येच तुटते, शब्दाचा अर्धा तुकडा पुढच्या मात्रेवर जाऊन पडतो, ओताकी एखादं अक्षर ताणतात आणि पुढचं गिळतात. ऐकताना आधी कानाला खटकतं. दुसऱ्यांदा ऐकलं की वाटतं, हे असंच हवं होतं. पुढं याच मात्सुमोतोंनी जपानी लोकप्रिय संगीतात शेकडो गाणी लिहिली आणि होसोनो ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ घेऊन जगभर गेले. पण २००७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या जपानी आवृत्तीनं जपानी रॉकच्या शंभर उत्तम तबकड्या निवडल्या, तेव्हा पहिला क्रमांक ‘हॅपी एंड’च्याच दुसऱ्या तबकडीला गेला. भाषेच्या वादाचा निकाल कधीच लागून गेला होता.

त्याच वेळी आपल्याकडे

१९७० मध्ये मुंबईही गप्प नव्हती. सिगारेट कंपनीनं भरवलेल्या ‘सिम्ला बीट’ स्पर्धेतल्या बँडच्या गाण्यांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. ठिकठिकाणच्या कॉलेजांतली पोरं, हातात गिटारी, गाणी इंग्रजी. आपल्याकडे भाषेचा वाद झालाच नाही. इंग्रजी हे गृहीतच होतं.

१९८६ पासून मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव गाजू लागला. १९८८ मध्ये ‘रॉक मशीन’ची पहिली तबकडी आली, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या भारतीय बँडसाठी ती फार मोठी उडी होती. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, देशी रंग आणले. भाषा मात्र इंग्रजीच राहिली. पुण्याच्या ‘अग्नी’नं २००७ मध्ये पहिला अल्बम काढला तो हिंदीत.

मराठीत रॉक झालाच नाही असं नाही. तो नाटकाच्या दारानं आला आणि त्याला आणणारा माणूस होता नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. मराठी रंगभूमी घरात आणि रॉक अंगात. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जुडास रंगवला, तो इंग्रजीत. चारच वर्षांनी पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला. मूळ ब्रेख्त, मराठी रूप पु. ल. देशपांडे यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. लावणी, नाट्यसंगीत आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून रॉक. नंदू भेंडे त्यात मराठी शब्द रॉकच्या तोऱ्यात गात, आणि प्रेक्षकांना ते पचत होतं. म्हणजे मराठी भाषा गिटारच्या ठेक्यावर बसते की नाही, हा प्रश्न १९७८ मध्येच पुण्यात निकालात निघाला होता. ओवी आणि अभंगावर पोसलेली भाषा ती, चार मात्रांना का बिचकेल?

तरीही त्यातून मराठी रॉकची परंपरा उभी राहिली नाही. नाटक उतरलं की गाणंही उतरतं. बँड मागं उरत नाही. २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले. मराठी रॉकची पहिली तबकडी म्हणून पटकन ओठांवर यावं असं नाव शोधायला आजही चाचपडावं लागतं.

ओकायामाचा पोरगा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानातल्या ओकायामा शहराशी पुण्याची मैत्री, त्या मैत्रीतून ही जपानी धाटणीची बाग. ‘पूर्वरंग’मध्ये मराठी वाचकाला जपान दाखवणाऱ्या पुलंचं नाव तिला देणं शोभूनही दिसतं. त्याच ओकायामाचा एक पोरगा, हिरोतो कोमोतो, १९८७ मध्ये जपानभर पोचला. त्याचा बँड ‘द ब्लू हार्ट्स’.

त्यांची पहिली तबकडी २१ मे १९८७ ची, नाव बँडचंच. सगळी मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं. शेवटचं गाणं ‘लिंडा लिंडा’. सुरुवात अगदी सावकाश : एक गिटार आणि कोमोतोचा उघडा आवाज. विषय काय, तर गटारातल्या उंदराचं सौंदर्य! प्रार्थना म्हणावी तसा तो ते गातो. मग ड्रमवर काठ्या पडतात आणि पुढची दोन-तीन मिनिटं नुसती उसळी. ‘लिंडा’ या हाकेला अर्थ नाही, आणि नसल्यानंच ती कुणीही मारू शकतो.

हा पंक आहे, पण इंग्लंडच्या पंकमधला तुच्छतेचा सूर इथं नाही. शब्द शाळकरी पोरालाही कळतील इतके सोपे, कॉर्ड मोजक्या. त्यामुळं एक मोठी गोष्ट घडली : हजारो शाळकरी मुलांनी पहिल्यांदा गिटार उचलली ती हीच गाणी वाजवायला. २००५ मध्ये नोबुहिरो यामाशिता यांनी ‘लिंडा लिंडा लिंडा’ हा चित्रपट काढला. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी चार मुली तीन दिवसांत बँड बसवतात आणि ‘ब्लू हार्ट्स’ची गाणी वाजवतात, एवढंच कथानक. आपल्या कुठल्याही गॅदरिंगमध्ये रुजावी अशी ती गोष्ट आहे.

ऑफिस सुटल्यावर

ओसाकाच्या ‘शोनेन नाइफ’ची गोष्ट आणखी साधी. १९८१ मध्ये नाओको आणि आत्सुको यामानो या बहिणी आणि मैत्रीण मिचिए नाकातानी यांनी बँड काढला. मोठं होण्याची घाई नव्हती. नोकरी सांभाळून वेळ मिळेल तसं वाजवायचं. १९८३ मध्ये स्थानिक कंपनीकडून ‘बर्निंग फार्म’ आली. विषय हत्ती, पोपट, बार्बी बाहुली. सूर कुठं कुठं हुकतो, ठेका अडखळतो, आणि तिघींना त्याची फिकीर नाही. त्यांच्या हसण्यात कुणाला दाखवण्याची धडपड नाही, म्हणून ऐकणारा सुटत नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका छोट्या कंपनीनं ती कॅसेटवर काढली. तिथून ती ‘निर्वाना’ बँडच्या कर्ट कोबेनच्या हाती लागली. १९९१ मध्ये ‘निर्वाना’च्या दौऱ्यात या तिघी पाहुण्या बँड म्हणून वाजवत होत्या. जगाला ऐकवायचं तर इंग्रजी हवं, हा उचिदांचा मुद्दा ओसाकाच्या तीन पोरींनी हत्तीच्या गाण्यानं मोडीत काढला.

राजधानीपासून लांब

जालन्यातल्या वाचकाला खरं आकर्षण वाटावं ते १९९७ ते १९९९ या काळातल्या पहिल्या तबकड्यांचं, कारण त्या लांबच्या गावांनी दिल्या.

‘नंबर गर्ल’ हा फुकुओकाचा. टोकियोपासून दूर, दक्षिणेच्या क्यूशू बेटावरचं शहर. त्यांची पहिली तबकडी ‘स्कूल गर्ल बाय बाय’, १९९७ ची, छोट्या स्थानिक कंपनीकडून निघालेली. मोठ्या कंपनीकडची पहिली आली १९९९ मध्ये, ‘स्कूल गर्ल डिस्टॉर्शनल अॅडिक्ट’. जपानात अशा दोन ‘पहिल्या’ तबकड्या असणं नेहमीचं. एक पदरमोडीची, दुसरी कंपनीची. कुठली खरी पहिली, यावर चाहते तासन्‌तास वाद घालतात. माझा कौल पदरमोडीच्या बाजूनं. शुतोकू मुकाई चष्मा घालून, कारकुनासारखा उभा राहून किंचाळतो, आणि हिसाको ताबुची या मुलीची गिटार पत्रा कापावा तशी त्यातून आरपार जाते. आवाज खडबडीत आहे. पण तो एका शहरात राहणाऱ्या, एका उन्हाळ्यात घामेजलेल्या पोरांचा आवाज आहे, हे कुणी सांगावं लागत नाही.

‘सुपरकार’ उलट्या टोकाचा. मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी, सफरचंदांचा प्रांत. तिथं मिकी फुरुकावा या मुलीनं बँडसाठी साथीदार हवेत अशी जाहिरात दिली आणि १९९५ मध्ये चौघं जमले. १९९८ च्या एप्रिलमध्ये त्यांची पहिली तबकडी आली, ‘थ्री आउट चेंज’. एकोणीस गाणी, सव्वा तासाच्या वर. विशीच्या आसपासच्या पोरांकडे सांगायचं इतकं साठलं होतं की काय ठेवावं आणि काय गाळावं हे सुचलंच नसावं. गिटारींचा दाट धुरळा, त्याच्या तळाशी कोजी नाकामुराचा झोपाळू आवाज आणि अधूनमधून मिकीचा.

क्योतोचा ‘कुरुरी’ रित्सुमेइकान विद्यापीठाच्या ‘रॉक कम्यून’ मंडळातून निघाला. ऑक्टोबर १९९८ मध्ये मोठ्या कंपनीकडचं त्यांचं पहिलं गाणं आलं, ‘टोकियो’. राजधानीत आलेल्या परगावच्या पोराचं गाणं ते. पुढच्या एप्रिलात पहिली मोठी तबकडी, ‘सायोनारा स्ट्रेंजर’. ‘टोकियो’तला पोरगा म्हणजे ‘हॅपी एंड’च्या नववर्षाच्या गाण्यातला तोच पोरगा, अठ्ठावीस वर्षांनी.

कापसाची पहिली वेचणी जशी शुभ्र, तशा या तबकड्या. आओमोरीच्या पोरांनी टोकियोची भाषा बोलायचा प्रयत्न केला नाही, आणि टोकियोला त्यांची भाषा ऐकावी लागली.

एका खोलीची किंमत

हे सगळं निव्वळ प्रतिभेवर झालं, असं मानणं सोपं आहे. पण त्यामागं एक यंत्रणा आहे. जपानी शाळा-कॉलेजांत ‘केइओंगाकु-बु’ म्हणजे हलक्या संगीताचं मंडळ असतं. शाळा सुटल्यावर सरावाला खोली, ड्रम, अँप्लिफायर. कॉलेज संपलं की स्टेशनाजवळ तासावर भाड्यानं मिळणारे सराव-स्टुडिओ. मग ‘लाइव्ह हाउस’ : शंभर-दोनशे माणसं मावतील असे तळघरातले हॉल. नव्या बँडला तिथं फुकट वाव नसतो. ‘नोरुमा’ नावाची अट असते : अमुक तिकिटं विका, नाहीतर उरलेल्याचे पैसे खिशातून भरा. जाचक आहे, त्यावर टीकाही होते. पण दर आठवड्याला कुठल्या तरी तळघरात एखादा अनोळखी बँड स्वतःची गाणी वाजवू शकतो, ते या व्यवस्थेमुळंच. १९६९ मध्ये ‘यूआरसी’ या सभासदांसाठीच्या छोट्या कंपनीची सुरुवात झाली नसती, तर पुढच्या वर्षी ‘युदेमेन’ कोण काढणार होतं? ‘एक्स’ या बँडच्या योशिकी यांनी १९८६ मध्ये स्वतःची कंपनी काढली नसती, तर १९८८ मध्ये ‘एक्स’ची ‘व्हॅनिशिंग व्हिजन’ त्यांच्या अटींवर आली नसती.

ही यंत्रणा आता जपानच्या गोष्टींचाही विषय झाली आहे. २०२२ मध्ये ‘बोच्ची द रॉक!’ ही मालिका आली. घरात बसून एकटीच गिटार घासणारी लाजाळू मुलगी, तळघरातलं लाइव्ह हाउस, तिकिटं खपवण्याची फरफट, सगळं त्यात आहे. तिच्या बँडमधल्या चौघी मुलींची आडनावं गोतो, किता, यामादा, इजिची : ‘एशियन कुंग-फू जनरेशन’च्या चौघांचीच! त्या काल्पनिक बँडचा खराखुरा अल्बमही डिसेंबर २०२२ मध्ये निघाला आणि खपला. पहिल्या तबकडीची ओढ इतकी की ती काढायला आता बँडही खरा लागत नाही.

आपल्याकडे काय आहे

मराठीत आवाज नाही असं आता कुणी म्हणू शकणार नाही. ‘स्वदेसी’ या रॅप गटाच्या एमसी मवालीनं मराठीतून रॅप करत वारली आणि आरेच्या जंगलाचा प्रश्न मांडला. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या ‘स्पिनिन’ या कंपनीकडून निघालं आणि मराठीची ओळख नसलेले लोकही त्यावर नाचले. दिल्लीचा ‘ब्लडीवुड’ बँड २०२२ मध्ये जपानच्या ‘फुजी रॉक’ महोत्सवात हिंदी-पंजाबीतून गर्जून आला आणि पुढं जपानच्याच ‘बेबीमेटल’बरोबर त्यांनी गाणी केली. भाषा आडवी येते ही सबब आता चालणार नाही.

जालन्यात पोरं आहेत, मोबाइल आहे, कानात ‘हारुका कानाता’ आहे. युवक महोत्सवात पोवाडा म्हणणारा, रात्री गिटारचे धडे यूट्यूबवर बघणारा पोरगाही इथं सापडतो. त्याला नाही ती एक दार बंद करता येणारी खोली, जिथं ड्रमच्या आवाजानं शेजारी पोलीस बोलावणार नाहीत. आणि महिन्यातून एक संध्याकाळ, जिथं दुसऱ्यांची गाणी वाजवायची नाहीत असा नियम असेल. गणेश मंडळाची वर्गणी मांडवावर आणि डीजेवर किती जाते हे आपण सगळे जाणतो. तिचा लहानसा हिस्सा एखाद्या मंडळानं अशा खोलीवर घातला, किंवा एखाद्या कॉलेजनं रिकामा वर्ग संध्याकाळी उघडा ठेवला, तरी भागेल. सळयांवर आणि बियाण्यांवर उभं राहिलेलं गाव आहे हे. भांडवल कसं लावायचं ते इथल्या व्यापाऱ्याला शिकवावं लागत नाही.

त्या खोलीतून निघालेली पहिली तबकडी कच्चीच असेल. सूर हुकतील, शब्द जाफराबादच्या नाहीतर मंठ्याच्या वळणाचे असतील, आणि पुण्या-मुंबईच्या कानांना आधी खटकतील. ‘युदेमेन’ही टोकियोतल्या कितीतरी कानांना खटकली होती.